मुय्यीची बाटली

नेलपॉलिशनं लिहिलेलं ते अक्षर एका बाजूनं खरवडलं गेलं होतं, पण वाचता येत होतं — 'सृ'. पिवळ्या प्लॅस्टिकचा, रुंद तोंडाचा तो फ्लास्क, आणि झाकणाच्या जरा खाली ते एवढंसं अक्षर, शाळेत डबे अदलाबदल होऊ नयेत म्हणून आया लिहितात तसं. लिहिताना हात हलला असावा, किंवा मुलानं मध्येच कोपर ओढलं असावं, कारण अक्षराच्या पायाशी रंगाचा एक थेंब ओघळून सुकला होता. थोडासाच ओघळलेला. जिथं थांबायला हवं तिथं मुकाट थांबलेला... विनुता त्या थेंबाकडे बघत राहिली आणि समोर कुणीतरी बोलतंय हे तिला जरा उशिरानंच कळलं.

"...ही बाटली फ्रीजमध्ये ठेवायला सांगा ना डाक्टरम्मा. बर्फाचं नुसतं पाणी झालंय," सुमित्रा म्हणत होती. पहाटेच्या बसनं तीर्थहळ्ळीकडून आलेली, केसांत अबोलीचा गजरा, काखेत पिशवी, आणि पदराला धरून उभा असलेला कौशिक. "गिरिजाक्काची फेडायची आहे. मागं कौशिकच्या गुडघ्याला तिनं पाठवली होती ना, बसच्या कंडक्टरच्या हाती — तो फ्लास्कही तिचाच. तिचाही आजच तपासणीचा दिवस असतो, म्हटलं हातोहात देऊन टाकू. फोन तर लागतच नाही तिचा. तिकडं टॉवर कुठला असायला, अहो मारायरे, माडावर चढून बोलावं लागतं."

आणि ती हसली. दारात गर्दी होती, कुणाचं तरी मूल रडत होतं, सिस्टर फिलोमिना नावं पुकारत होत्या. तेव्हाच सांगायला हवं होतं. दोनच वाक्यं होती. विनुता म्हणाली, "ठेव इथं," आणि टेबलावरची मोजपट्टी उगाच गुंडाळू लागली. सुमित्रा कौशिकला घेऊन व्यायामाच्या खोलीकडे गेलीसुद्धा.

गिरिजाचा सृजन गेला त्याला आता आठवडा होऊन वर काही दिवस झाले होते. आणि सुमित्राला ते माहीत नव्हतं.

माहीत नव्हतं, कारण विनुतानंच सगळ्यांना थोपवून धरलं होतं. आयांच्या फोनवरच्या गटात बातमी धाडकन पडू नये, एकेकीला मी सांगेन, असं ती सिस्टरना म्हणाली होती, आणि एकेकीला सांगितलंही होतं तिनं. फक्त एका नावाशी येऊन बोट थांबायचं. रोज संध्याकाळी फोन हातात घ्यायचा, सुमित्राचं नाव काढायचं, आणि मग तिच्या दीड वर्षाच्या पुट्टाला भूक लागली असेल, कुकरची शिट्टी झाली असेल, काहीतरी असायचंच... घरातल्या बाईला कारणांची वानवा कधी पडत नाही.

"हा फ्लास्क..." सिस्टर आत आल्या, अक्षर बघून थबकल्या. फिलोमिना सिस्टर या खोलीत विनुताच्या आधीपासून होत्या. त्यांना अक्षरं वाचून दाखवावी लागत नसत. "मी सांगू का तिला?"

"नको. मी सांगते. जेवणाच्या आधी."

सिस्टरनी फ्लास्कमधली बाटली काढून फ्रीजमध्ये ठेवली, पाणी बेसिनमध्ये ओतलं, आणि रिकामा फ्लास्क कुठं ठेवावा हे न कळून परत टेबलावरच ठेवला. बाटली तरी केवढी — अंगठ्याएवढी. आत तळाला पांढरी पावडर, पिठाची चिमूट असावी तशी. तेवढ्यावर हिमोफिलिया असलेल्या मुलाचं रक्त एखादा दिवस इतरांच्या रक्तासारखं वागतं. शहाण्यासारखं थांबतं. मग पुन्हा आपलं वाहतं होतं.

सिस्टरना अर्धंच माहीत होतं. मूल गेलं हे माहीत होतं. ही बाटली कशाच्या बदल्यातली, ते माहीत नव्हतं. ते गिरिजाला माहीत होतं, आणि विनुताला.

...अतिदक्षता विभागाबाहेरच्या त्या बाकावर गिरिजा बसली होती, पायात चपला नव्हत्या, हाताची बोटं सुपारीच्या रसानं काळी. सोलण्याचे दिवस. शेजारपाजारच्या बाया संध्याकाळी तिच्या अंगणात सोलायला जमलेल्या, विळ्यांची रांग, मध्ये हिरव्या सुपारीचा ढीग, आणि पोरांना त्या ढिगावरून घसरण्याचा नाद. सृजन घसरला, अंगणातल्या खांबाला डोकं लागलं. खोक नाही, रक्त नाही, काही नाही. आणि तो बोलला नाही. बोललो तर आई आत नेऊन निजवेल, आणि बाहेर तर गाणी चाललेली, कुणीतरी भुताची गोष्ट सांगणार होतं... त्यानं डोकं चोळलं आणि पुन्हा ढिगावर चढला. उलटी झाली तेव्हा कळलं. घरात बाटली नव्हती. मग शेजाऱ्याची जीप, घाट, वळणं. विनुता पोचली तेव्हा त्याच्या एका डोळ्याची बाहुली मोठी झालेली होती आणि आपण आता जे जे करू ते करायचं म्हणून करणार आहोत हे तिला दारातच कळलं होतं.

दुपारी सगळं संपल्यावर गिरिजा रडली नाही. रडणं नंतर आलं, एकदम, जनावरासारखं, आणि त्या आवाजासरशी विनुताच्या छातीत कळ येऊन दूध उतरलं. पांढऱ्या कोटाच्या आत ब्लाउज भिजला. ती कोट आवळून धरून तशीच उभी राहिली. घरी दीड वर्षाचं मूल खुशाल झोपलं असेल, आणि हे शरीर दुसऱ्याच कुठल्या मुलासाठी... आता काय उपयोग. लाज वाटली होती. अजून वाटते. कशाची, ते मात्र सांगता येत नाही.

आणि मग गिरिजानं तिचा हात धरला, काळ्या बोटांनी, आणि एवढंच म्हणाली, "सुमित्राला सांगू नका. ती शेवटची बाटली तिला दिली होती ते. सांगू नका, डाक्टरम्मा. पोर कुठं आता चालायला लागलंय तिचं."

विनुतानं मान हलवली होती. मान हलवणं सोपं असतं.

"बसवराज!" सिस्टरनी पुकारलं, आणि पंधरा वर्षांचा, ओठावर कोवळी लव फुटलेला बसवराज लंगडत आत आला.

"काय रे, परत क्रिकेट?"

"नाही डाक्टरम्मा, देवाशप्पथ. कॅरम."

"कॅरम खेळताना घोटा सुजतो होय?" सिस्टर म्हणाल्या. "बोर्डावर उभा राहून खेळत होतास?"

"स्ट्रायकर पडला खाली, तो काढायला वाकलो..."

"आणि तिथं पॅड बांधलेला बॉलर उभा होता."

"बॉलर पॅड बांधत नाही, सिस्टर," बसवराज गंभीरपणे म्हणाला, आणि बाहेरच्या रांगेतल्या बायासुद्धा हसल्या. विनुताही हसली. हसताना तिचं तिलाच नवल वाटलं, की हा चेहरा अजून हसतो, त्याला कुणी काही कळवलेलं नाही. तिनं घोट्यावर उलटा हात ठेवला. गरम होता. आत रक्त साठतंय, बाहेरून काही दिसत नाही, नुसती ऊब — आजारी माणसाच्या कपाळावर असते तशी मायेची वाटावी अशी ऊब. ही मुलं किती लवकर खोटं बोलायला शिकतात. दुखतंय हे सांगितलं की खेळ संपतो, म्हणून दुखत नाही. सांगण्याची शिक्षा होते ज्यांना... सृजननं पण डोकं चोळलं आणि...

"मावशीनं तेल चोळलं नाही ना याला?"

"चोळणार होती. मी ओरडलो."

"चांगलं केलंस. तेवढं मात्र खरं बोललास."

आज सकाळी पुट्टा पलंगाच्या कडेवर आपटला होता. धप्पकन आवाज, मग ती शांतता — रडण्याआधी मुलं श्वास ओढून घेतात ती — आणि मग भोकाड. कपाळावर बघता बघता टेंगूळ. सासूबाईंनी धावत येऊन साखर दाबून धरली, फुंकर घातली, पलंगाला चापट मारली, "वाईट पलंग, हात् मेला," आणि पुट्टा रडता रडता हसला. झालं. एवढंच असतं ते. एवढ्यावर भागतं लोकांचं. विनुता मात्र त्याला मांडीवर घेऊन बसली, ते टेंगूळ पसरतंय का बघत, बाहुल्या सारख्या आहेत का बघत, आणि सासूबाई म्हणाल्या, "अगं, तुझ्या दवाखान्यातलं पोर आहे का ते? मुलं पडायचीच." खरं होतं. हे पोर दवाखान्यातलं नव्हतं. याचं रक्त थांबणारं होतं. तिला इतकं हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्याचाच इतका राग आला, की तिनं मूल सासूबाईंच्या हाती दिलं आणि न खाताच निघाली.

सृजन पडण्याआधीच्या त्या शुक्रवारीही पुट्टा असाच मांडीवर होता. दूध पीत होता, एक हात तिच्या मंगळसूत्रात अडकवून. फोन कानाला धरलेला. पलीकडून गिरिजाचा आवाज, मध्ये मध्ये तुटत — ती बहुतेक कुठंतरी उंचावर जाऊन बोलत असावी.

"सुमित्राचा फोन आलाय डाक्टरम्मा. कौशिकचा गुडघा नारळाएवढा झालाय म्हणे, तालुक्याला साठा संपलाय. माझ्याकडं एकच उरलीय. शेवटची. देऊ का?"

"सृजन कसा आहे?"

"बरा आहे. कोंबडीमागं पळतोय."

"मग दे. सोमवार-मंगळवारी नवा साठा येतोय, तुझ्या नावावर ठेवते. दे लगेच."

दे. विचार करायलासुद्धा लागला नव्हता. एका घरात सुजलेला गुडघा, दुसऱ्या घरात धडधाकट पोर. बाटली कुठं जायला हवी हे कुणालाही कळेल. आजही तोच प्रश्न कुणी विचारला तर मी तेच उत्तर देईन, त्या क्षणी तेच बरोबर होतं... हे वाक्य ती स्वतःला रोज म्हणून दाखवते आणि त्यात कुठंही चूक सापडत नाही. चूक सापडली असती तर बरं झालं असतं. चुकीला हात लावता येतो, तिच्याशी भांडता येतं. मग ती दुसरं गणित काढते: त्याच्या वजनाला एक बाटली निम्मीच पडली असती. डोक्यातल्या रक्ताला निम्म्यानं काय झालं असतं? कदाचित काहीच नाही. कदाचित घाट उतरेपर्यंतचा वेळ मिळाला असता. कदाचित... या 'कदाचित'चा डोस कुठल्याच पुस्तकात दिलेला नाही.

आणि देवाणघेवाणीची ती कल्पना तरी कुणाची? तिचीच. तिचं माहेर सुपारीच्या बागेतलं. मुय्यी तिच्या अंगवळणी पडलेली — आज तुम्ही आमच्या अंगणात सोलायला या, उद्या आम्ही तुमच्या; पैसा नाही, हिशेब नाही, फक्त कुणाची मुय्यी फेडायची राहिली ते प्रत्येक बाईला झोपेतसुद्धा ठाऊक असतं. या खोलीत पहिल्यांदा सगळ्या आयांना एकत्र बसवलं, सुई कशी धरायची, शीर कशी शोधायची ते शिकवलं, आणि सगळ्यांच्या तोंडावर एकच प्रश्न उभा होता, घरातली संपली आणि काही झालं तर? तेव्हा विनुता हसून म्हणाली होती, "सुपारीला मुय्यी लावता ना? मग बाटलीला पण लावा." बाया आधी पदर तोंडाला लावून हसल्या. मग खरोखरच लावली. सागरची बाटली कोप्पला गेली, कोप्पची होसनगरला. बसचे कंडक्टर डब्यांसारखे फ्लास्क नेऊ लागले. एकानं तर बायकोच्या बांगड्यांपेक्षा जपून आणला होता. किती गुडघे वाचले, किती दात. एका मोठ्या परिषदेत पडद्यावर तो शब्द लिहून तिनं त्याचा अर्थ सांगितला होता, आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवत होतं...

"कौशिक."

कौशिक आत आला तो चालत. लंगडत नाही, पाय ओढत नाही — चालत. स्टुलावर चढून बसला आणि कुणी न सांगता चड्डीची कड वर केली. आठ वर्षांचा, पुढचे दोन दात मोठे. सुमित्रा मागं उभी राहिली. अबोलीचा वास आला.

विनुतानं गुडघ्यावर उलटा हात ठेवला. गार. मोजपट्टी वाटीच्या वरून फिरवली. सूज उतरली होती. वाकव — पूर्ण वाकला. सरळ कर — जवळजवळ सरळ झाला. किती चांगला गुडघा. एरवी तिनं सिस्टरना बोलावून दाखवला असता. तिनं हात काढला नाही. आत काही उरलं नव्हतं त्या बाटलीतलं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत. ती पावडर एखाद्या दिवसात विरून जाते, मागमूस राहत नाही. तरी तळहाताखाली काहीतरी होतं. एक बाटली जाऊन त्या जागी हा गुडघा आलेला. हा गुडघा आता पळेल, झाडावर चढेल, बापाच्या सायकलच्या दांडीवर बसेल, लग्नात मांडी घालून बसेल...

"डाक्टरम्मा, गुदगुल्या होतायत," कौशिक म्हणाला. "सृजन आला का?"

"अजून नाही."

अजून. हा शब्द तोंडातून कसा निघाला? सुमित्रानं तिच्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. मग कौशिकच्या डोक्यावर टपली मारली. "जा, बाहेर त्या ताईकडं पेडल मारायचं राहिलंय ना? आणि पळायचं नाही. गुडघा तुझ्या बापानं विकत आणलेला नाही." पोरगं गेलं. ती मात्र गेली नाही. सिस्टर फिलोमिनांनी रांगेला थांबा म्हटलं आणि जाताना दार ओढून घेतलं.

"काय झालंय डाक्टरम्मा?"

विनुतानं सांगितलं. बाकीच्या आयांना सांगताना जे शब्द वापरले होते तेच वापरले, ते आता गुळगुळीत झाले होते. पडला. डोक्यात रक्तस्राव. मंगळवारी, मागच्या. आम्ही सगळं केलं.

सुमित्रा टेबलाशी धरून खुर्चीत बसली. तिची नजर फ्लास्कवर होती. तिचा उजवा हात मांडीवर पडलेला, आणि विनुताला दिसलं — अंगठा बोटांच्या पेरांवर सरकत होता. एक पेर, दुसरं पेर. बाटली आली तो शुक्रवार, मग शनिवार... बाजारात बाया मोजतात तसा, सावकाश, चुकू नये म्हणून. अंगठा मधल्या बोटाशी आला तेव्हा विनुता एकदम बोलली.

"बाटली होती तिच्याकडं. घरात होती एक. तिनं लगेच दिली त्याला, शीर पण मिळाली. उपयोग झाला नाही. डोक्यातलं असतं तेव्हा... कधीकधी होत नाही."

अंगठा थांबला.

"होती?"

"होती."

सुमित्रानं मान वर केली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. दुकानदारानं सुट्टे पैसे जास्त दिले तर गरीब माणूस क्षणभर बघतो, घ्यावेत की परत करावेत, तशी ती बघत होती. आणि विनुताला वाटलं, आता ही विचारेल. आता ही म्हणेल, खोटं बोलताय. कितीतरी दिवसांत पहिल्यांदा छातीत काहीतरी मोकळं होऊ लागलं — बोल, म्हण, कुणीतरी म्हणा एकदा...

"बरं," सुमित्रा म्हणाली.

मग तिनं नाक पुसलं, गजरा काढून पिशवीत टाकला. उठली. दाराशी जाऊन थांबली, आणि पाठमोरीच, बिजागरीशी बोलावं तशी म्हणाली, "त्या दिवशी फोनवर मी तिला विचारलं होतं, गिरिजाक्का, तुला राहिली का गं? तर म्हणाली, डाक्टरम्मांना विचारलंय मी. त्या दे म्हणाल्या. काळजी करू नको, लाव."

बाहेर कुणाचं तरी मूल पेडल मारत होतं, त्याची करकर येत होती.

"सुमित्रा —"

"मी जाते तिच्याकडं. दुसरी काढणी झाली असेल तिची, सोलायला घरात कोण बसणार आता? शेजारणीही आधी दोन दिवस संकोचतात. कौशिकला आईकडं सोडते. विळी माझी मीच नेईन." ती वळली. चेहरा ओळखू न येण्याइतका साधा झाला होता. "बाटली नेत नाही. तिच्या दारात ती घेऊन कशी उभी राहू? तुम्ही लावा कुणालातरी. फ्रीजमध्ये ठेवून नका देऊ, डाक्टरम्मा. आजच लावा."

"आणि तिनं काही विचारलं तर?"

"काय विचारणार ती? मला माहीतच नाही ना काही." सुमित्रा म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तेवढंच मला माहीत."

दार लागलं. फ्लास्क टेबलावरच होता.

म्हणजे आता तिघी झाल्या. गिरिजा सुमित्रापासून लपवणार, सुमित्रा गिरिजापासून, आणि दोघी एकाच ढिगाच्या दोन बाजूंना बसून, एकेक सुपारी विळीवर दाबत, सालं मागं टाकत, दिवस घालवणार. जेवायला उठतील, ताटात भात वाढतील एकमेकींना. बोलतील कदाचित पावसाबद्दल, सुपारीच्या भावाबद्दल. आणि विनुताचं नाव कुणीच काढणार नाही. तिला वाटत होतं, आपल्याला शिक्षा चुकवायचीय. आता कळलं, ती इतके दिवस वाट बघत होती. कुणीतरी यावं आणि पदर खोचून विचारावं. दोघींनीही विचारलं नाही. त्यांनी तिला तशीच सोडली होती... आपल्यातली म्हणून, की परकी म्हणून, हे सुद्धा कळू न देता.

"एक नवीन आहे," सिस्टर दारातून म्हणाल्या. "दुधाचा दात पडलाय, कालपासून रक्त थांबत नाही."

मुलगा तीन-चार वर्षांचाच वाटत होता, पण दात पडायच्या वयाचा म्हणजे मोठा असणार. या मुलांच्या वयाचा अंदाज चुकतो. हनुवटीवर सुकलेलं रक्त, हातात रक्तानं भिजलेला टॉवेल, आणि त्याला घेऊन आलेली आई अगदी पोरसवदा, नुकतंच निदान कळलेली; डोळे विस्फारलेले ते मिटायलाच विसरलेले.

"बस. नाव काय तुझं?"

"रेखा. याचं पण सांगू?"

"सांग की. त्यालाच तर बघायचंय."

"मन्विथ."

"फ्रीजमधली आणा सिस्टर," विनुता म्हणाली. "ती. पिवळ्या फ्लास्कमधली."

सिस्टरनी तिच्याकडे क्षणभर पाहिलं आणि बाटली आणून हातात दिली. विनुतानं झाकणं पुसली, सुईनं पाणी आत सोडलं, आणि रोज शिकवते त्याच आवाजात शिकवू लागली, कारण आवाज सवयीनं आपला आपण चालतो. "बघ हं रेखा, हे तुला पुढं घरी करायचंय. हलवायची नाही जोरात. फेस आला की वाया गेली. अशी दोन्ही तळव्यांत धरायची आणि हळूहळू फिरवायची. घाई नाही करायची. पावडर दिसेनाशी होते बघ... दिसतंय?"

गिरिजालाही इथंच शिकवलं होतं. तिचे तळवे खरखरीत, बाटली त्यांत आवाज करायची, आणि ती म्हणाली होती, लाडू वळल्यासारखं आहे की हो.

बाटली गार होती. तळव्यांची ऊब तिच्यात उतरायला वेळ लागत होता, उलट तिचाच गारवा हातांत चढत होता, मनगटापर्यंत.

"डाक्टरम्मा," रेखा हळूच म्हणाली. ती हातांकडं बघत होती, एकाग्र होऊन, परीक्षेला बसल्यासारखी. "घरातली संपली... आणि काही झालं, तर?"

सिस्टर फिलोमिना सुईचं पाकीट फाडत होत्या, त्यांचे हात थांबले. विनुता बाटली फिरवत राहिली. उत्तर तिच्याजवळ होतं. या खोलीत कितीदा दिलेलं, एकाच शब्दाचं. जिभेवर आलंसुद्धा ते, आपल्या घरच्यासारखं, दार न वाजवता. तिनं ते थोपवलं नाही, उच्चारलंही नाही. शब्द तिथंच राहिला, जड, आणि जन्मभर वापरूनही तिला त्याचं वजन कधी लागलं नव्हतं हे तिच्या ध्यानात आलं. मुय्यी फेडणं म्हणजे हे असतं तर... दुसऱ्याच्या अंगणात दिवसभर मान खाली घालून बसायचं, काळ्या बोटांनी, आणि काही न विचारता उठायचं...

रेखा वाट बघत होती. मुलानं टॉवेलमधून तोंड काढून बाटलीकडे पाहिलं.

तळव्यांमध्ये पाणी निवळत चाललं होतं. विनुतानं ते उजेडाला धरलं, तळाशी काही उरलंय का पाहिलं, आणि अजून पुरतं विरघळलं नसावं असं वाटून पुन्हा हातांत घेतलं.